पहिल्या श्वासापूर्वीची तयारी

कोबीच्या पानावर किंवा कांद्याच्या पातीवर नुसत्या पाण्याची फवारणी केली, तर थेंब मोत्यासारखे गोल होतात आणि ओघळून मातीत पडतात. द्रावणात थोडे ‘स्टिकर’ मिसळले की तेच थेंब आडवे होतात, पसरतात आणि पान सर्वत्र ओले करतात. स्टिकर हे नाव थोडे फसवे आहे. बाजारात या नावाने मिळणारी बहुतेक द्रव्ये औषध पानाला चिकटवण्यापेक्षा पाण्याचा पृष्ठताण कमी करण्याचे काम अधिक करतात. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर ताणलेल्या पडद्यासारखी अवस्था निर्माण होते. तळ्याच्या पाण्यावर पाय न बुडवता धावणारे कीटक याच पडद्याच्या आधारावर जगतात, आणि साबणाचा एक थेंब पाण्यात पडला तर ते बुडू लागतात. पृष्ठताण मोडणाऱ्या अशा द्रव्यांना ‘सर्फॅक्टंट’ म्हणतात.

असेच एक द्रव्य प्रत्येक सस्तन प्राण्याच्या फुप्फुसात असते. ते बाहेरून मिसळावे लागत नाही. जन्माच्या काही आठवडे आधी गर्भाचे फुप्फुस ते स्वतः तयार करते. ते वेळेवर तयार झाले तर नवजात कोकरू, करडू, वासरू किंवा मूल काही क्षणांत श्वास घेऊ लागते. तयार झाले नाही तर इतर सर्व अवयव व्यवस्थित असूनही तो जीव काही तासांत दमून मरण पावतो. अवघ्या काही दिवसांच्या या फरकाचे रहस्य उलगडण्यात रसायनशास्त्रज्ञ व डॉक्टर यांच्याइतकाच वाटा मेंढ्यांचा आहे.

फुप्फुसात लक्षावधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि प्रत्येकाची आतील बाजू ओलसर असते. ओला वायुकोश म्हणजे एक बुडबुडाच. बुडबुड्याचा पृष्ठभाग सतत आक्रसू पाहतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका त्याच्या आतील दाब जास्त. एका नळीच्या दोन टोकांना एक लहान व एक मोठा असे साबणाचे दोन बुडबुडे जोडले, तर लहान बुडबुडा आपली हवा मोठ्यात रिकामी करून मिटून जातो. मोठा लहानाला भरवत नाही, हे पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. फुप्फुसातही असेच घडायला हवे. एकदशांश मिलिमीटर त्रिज्येच्या वायुकोशाला नुसत्या पाण्याचे अस्तर असते, तर तो उघडा ठेवण्यासाठी सुमारे १४ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब सतत लागला असता. त्रिज्या निम्मी झाली की दाब दुप्पट. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर लहान वायुकोश मिटले असते आणि प्रत्येक श्वास हा पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा झाला असता.

कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्ये या कोड्याचा पहिला धागा पकडला. मृत प्राण्याचे फुप्फुस हवेने फुगवण्यास जितका दाब लागतो, त्यापेक्षा बराच कमी दाब ते द्रवाने भरण्यास लागतो, असे त्यांना आढळले. द्रवाने भरलेल्या फुप्फुसात हवा आणि पाणी यांची सीमाच उरत नाही, म्हणून पृष्ठताणही उरत नाही. फुप्फुसाच्या आक्रसण्यामागे पृष्ठताणाचा मोठा वाटा आहे, तो कमी करणारे काही द्रव्य तेथे असावे आणि नवजात अर्भकाच्या श्वसनाशी त्याचा संबंध असावा, इतके सर्व त्यांनी लिहून ठेवले. तो निबंध सुमारे पंचवीस वर्षे दुर्लक्षित राहिला.

पुढचे पाऊल अनपेक्षित दिशेने पडले. विषारी वायूंनी फुप्फुसात पाणी कसे होते, याचा अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन व अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळांत चालू होता. इंग्लंडमधील पोर्टन येथे रिचर्ड पॅटल यांना फुप्फुसातून आलेला फेस विलक्षण टिकाऊ वाटला. साधा फेस मोडणारी द्रव्येही त्याला मोडू शकत नव्हती. त्याच्या बुडबुड्यांचा पृष्ठताण जवळजवळ शून्य असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १९५५ मध्ये मांडला. अमेरिकेत जॉन क्लेमंट्स यांनी १९५७ मध्ये फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला. त्यांना दिसले की अर्काचा थर दाबून लहान केला की त्याचा पृष्ठताण आणखी घटतो आणि ताणून मोठा केला की वाढतो. फवारणीतील स्टिकर आणि फुप्फुसातील सर्फॅक्टंट यांच्यातील खरा फरक येथेच आहे. वायुकोश लहान होतो तेव्हा सर्फॅक्टंटचे रेणू दाटीने एकत्र येतात आणि नेमक्या त्याच क्षणी, गरज सर्वाधिक असताना, ताण सर्वांत कमी करतात. त्यामुळे लहान बुडबुडा मोठ्यात रिकामा होत नाही.

हे द्रव्य सुमारे नव्वद टक्के स्निग्ध पदार्थ आणि दहा टक्के प्रथिने यांचे मिश्रण आहे. स्निग्ध पदार्थांत फॉस्फोलिपिडांचे प्रमाण मोठे असते. त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्याकडे ओढ घेते, दुसरी हवेकडे. चार विशेष प्रथिनांपैकी दोन हा थर झपाट्याने पसरण्यास मदत करतात, तर उरलेली दोन प्रामुख्याने रोगजंतूंविरुद्धच्या संरक्षणात भाग घेतात. वायुकोशाच्या भिंतीतील ‘दुसऱ्या प्रकारच्या’ घनाकार पेशी हे सर्व तयार करतात. संख्येने त्या बऱ्याच असल्या तरी वायुकोशाच्या पृष्ठभागाचा अवघा पाच टक्क्यांच्या आसपासचा भाग व्यापतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकावर एक थरांच्या पुड्या दिसतात. तोच सर्फॅक्टंटचा साठा होय.

मेंढीचा गाभणकाळ १४७ ते १५० दिवसांचा. तिच्या गर्भाच्या फुप्फुसात प्रथम झाडाच्या फांद्यांप्रमाणे श्वासनलिका फुटतात, मग त्यांच्या टोकांभोवती केशवाहिन्यांचे जाळे विणले जाते, आणि अखेरीस पातळ भिंतींच्या पिशव्या व वायुकोश बनतात. साधारण १२० व्या दिवसापर्यंत वायुमार्गात पोहोचलेले सर्फॅक्टंट नगण्य असते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र पेशींतील साठा झपाट्याने वाढतो आणि वायुकोशांत उतरू लागतो. मानवी गर्भात या पेशी सुमारे २४ व्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात आणि पुरेसे सर्फॅक्टंट ३४-३५ आठवड्यांपर्यंत जमते. उंदरापासून गायीपर्यंत गाभणकाळाची लांबी कितीही वेगळी असो, ही तयारी त्याच्या अखेरच्या हिश्श्यातच होते. निसर्गाने हे काम इतक्या शेवटी का ठेवले असावे, असा प्रश्न पडतो. पण गर्भाशयात श्वासाची गरज नसते, वारेतून प्राणवायू मिळत असतो, हेही खरे.

या काळात गर्भाचे फुप्फुस रिकामे नसते. ते द्रवाने भरलेले असते, आणि तो द्रव गर्भाने ओढून घेतलेले गर्भजल नव्हे, तर फुप्फुसाने स्वतः स्रवलेला असतो. त्याच्या दाबामुळेच फुप्फुस योग्य आकाराचे वाढते. प्रसववेणांच्या काळात संप्रेरकांच्या प्रभावाने अस्तरातील पेशींचे काम उलटे होते: द्रव स्रवण्याऐवजी त्या सोडियमच्या मार्गिकांतून क्षार आत ओढू लागतात आणि क्षारामागोमाग पाणीही शोषले जाते. कीटकांतही याच्याशी मिळतेजुळते काही घडते, हे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे. कीटकांना फुप्फुसे नसतात; शरीरभर पसरलेल्या श्वासनलिकांतून हवा थेट पेशींपर्यंत जाते. अंड्यातील अळीच्या या नलिका द्रवाने भरलेल्या असतात आणि अंडे उबण्यापूर्वी त्या रिकाम्या होऊन हवेने भरतात. फळमाशीत या कामात भाग घेत असल्याचे दिसणाऱ्या मार्गिका आपल्या फुप्फुसातील सोडियम-मार्गिकांच्याच कुळातील आहेत.

आता प्रश्न उरतो तो हा की जन्माची वेळ जवळ आली, तयारीला लागा, असे फुप्फुसाला कोण सांगते? उत्तराची पहिली खूण गोठ्यात आणि कुरणात सापडली. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील डोंगराळ कुरणांत मेंढपाळांना अधूनमधून एकच डोळा असलेली कोकरे जन्मलेली दिसत. गाभणकाळाच्या १४ व्या दिवसाच्या सुमारास मेंढीने व्हेराट्रम नावाची रानवनस्पती खाल्ली की असे होते, हे दीर्घ तपासानंतर सिद्ध झाले. मेंढपाळांची आणखी एक तक्रार होती: अशा काही मेंढ्या दिवस भरूनही वीत नसत. ग्वेर्नसी जातीच्या काही गायींतही आनुवंशिक दोषामुळे असेच लांबलेले गाभणकाळ १९५७ मध्ये नोंदले गेले. दोन्हींत एक समान धागा होता, तो म्हणजे गर्भाच्या मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सदोष होती किंवा नव्हतीच.

न्यूझीलंडमधील ऑकलंडचे स्त्रीरोगतज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स यांनी हा धागा उचलला. स्त्रियांची प्रसूती अकाली का सुरू होते, हे त्यांना शोधायचे होते. कॅलिफोर्नियातील पशुरोगशास्त्रज्ञ पी. सी. केनेडी यांच्यासमवेत त्यांनी मेंढीच्या गर्भाची पीयूषिका ग्रंथी विजेच्या साहाय्याने निकामी केली; मेंढी दिवस उलटले तरी व्याली नाही. उलट, गर्भाला कॉर्टिसॉल किंवा त्याच्याच वर्गातील डेक्सामेथासोन दिले की मेंढी वेळेच्या कितीतरी आधी वीत असे. मेंढीत प्रसूतीचा दिवस माता नव्हे, तर कोकरू ठरवते. त्याची अधिवृक्क ग्रंथी शेवटच्या दिवसांत वाढते प्रमाण कॉर्टिसॉल रक्तात सोडते, त्यामुळे वारेतील प्रोजेस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये होऊ लागते आणि गर्भाशय आकुंचन पावू लागते.

या प्रयोगांत एक कोकरू सुमारे ११७ दिवसांचे असताना जन्मले. इतक्या लवकर जन्मलेले कोकरू मृतच सापडायला हवे होते, निदान आतापर्यंतचा अनुभव तोच होता. हे कोकरू मात्र श्वास घेत होते. ते पुढे मेले. पण शवविच्छेदनात त्याची फुप्फुसे अंशतः हवेने फुगलेली दिसली. लिगिन्स यांचा शोध प्रसूतीचा होता, फुप्फुसाचा नव्हता. तरीही या विसंगतीकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. गर्भाला दिलेल्या स्टिरॉइडमुळे सर्फॅक्टंट वेळेआधी तयार झाले असावे, अशी शक्यता त्यांनी १९६९ च्या निबंधात मांडली. एकच संप्रेरक दार उघडते आणि त्याच वेळी बाहेर पडणाऱ्याला श्वासासाठी सिद्ध करते, असा त्याचा अर्थ होता.

या शक्यतेचे मोल त्या काळात फार मोठे होते. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवले होते की श्वसनाच्या त्रासाने दगावणाऱ्या अकाली अर्भकांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंटचा अभाव असतो. कारण कळले होते, उपाय नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक याच विकाराने दोन दिवसही जगू शकला नाही. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या २८२ मातांवर चाचणी केली आणि निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. औषध न मिळालेल्या गटात १५ टक्के, तर बीटामेथासोन मिळालेल्या गटात ३.२ टक्के अर्भके सुरुवातीच्या दिवसांत दगावली. इतका स्पष्ट परिणाम असूनही हा उपचार जगभर रूढ होण्यास दोन दशके लागली. मेंढीवरचा निष्कर्ष शेतापासून रुग्णालयापर्यंत काही वर्षांत पोहोचला आणि रुग्णालयाच्या दारात वीस वर्षे थांबला, याचे आश्चर्य वाटते.

दुसरा उपाय म्हणजे सर्फॅक्टंटच बाहेरून देणे. केवळ एका फॉस्फोलिपिडाचे तुषार हुंगवण्याचे सुरुवातीचे प्रयत्न फसले, कारण पसरवणारी प्रथिने त्यात नव्हती. जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेले सर्फॅक्टंट दहा अर्भकांच्या श्वासनलिकेत सोडले आणि १९८० मध्ये त्याचे उत्साहवर्धक परिणाम प्रसिद्ध केले. आज वापरात असलेली अनेक औषधे गाय, वासरू किंवा डुक्कर यांच्या फुप्फुसांपासून बनवली जातात. भारतात शेळीच्या फुप्फुसापासूनही असे औषध विकसित करून त्याच्या रुग्णालयीन चाचण्या झाल्या आहेत. कत्तलखान्यात फेकल्या जाणाऱ्या अवयवाला लाभलेले हे मूल्य आहे.

स्टिरॉइडच्या कथेचा उत्तरार्ध विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. हे स्वस्त औषध ग्रामीण भागातही पोहोचवावे या हेतूने सहा देशांत एक मोठी चाचणी घेण्यात आली. भारतातील बेळगाव आणि नागपूर ही तिची केंद्रे होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्का देणारा होता. औषधाचा प्रसार झालेल्या भागांत नवजात मृत्यू घटण्याऐवजी काहीसे वाढले आणि मातांमधील संसर्गही वाढला. औषध मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे प्रत्यक्षात फार लहान नव्हतीच. गर्भाचे वय नेमके ठरवता येत नव्हते. त्यानंतर भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत सोनोग्राफीने वय निश्चित करून चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २६ ते ३३ आठवड्यांच्या गर्भांना फायदा दिसला. नवजात मृत्यूचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच होते. पहिल्या वेळी दिवसांची मोजणी चुकली होती.

गोठ्यात हीच चूक वेगळ्या रूपाने होते. डेक्सामेथासोन हे पशुवैद्यकातही सर्रास वापरले जाणारे औषध आहे. किटोसिस, ॲलर्जी, सांध्यांची सूज अशा अनेक कारणांसाठी ते टोचले जाते. स्त्रीला ते दिल्याने प्रसूती सुरू होत नाही. गाय, मेंढी व शेळी यांच्यात गाभणकाळाच्या अखेरच्या टप्प्यात दिले तर होऊ शकते. गाय सात-आठ महिन्यांची गाभण आहे हे न विचारता कोणी हे इंजेक्शन दिले, तर गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांचे वासरू आणि त्यासोबत अडकलेला जार, असा दुहेरी फटका बसतो. प्रसूती घडवून आणणे कधी आवश्यकही असते, उदाहरणार्थ मेंढी-शेळीतील गर्भविषबाधेत. पण तो निर्णय गाभणकाळाचा नेमका दिवस माहीत असलेल्या पशुवैद्यकाचाच असावा.

लहान कोकरू आणि अपुऱ्या दिवसांचे कोकरू यांत फरक करणेही महत्त्वाचे आहे. जुळ्यांचे प्रमाण वाढवणारे जनुक असलेल्या मेंढ्या आता देशात अनेक ठिकाणी पाळल्या जातात. राजस्थानातील अविकानगर येथील अविशान आणि फलटण येथे विकसित झालेल्या नारी सुवर्णा या त्यांपैकी प्रमुख. जुळी कोकरे वजनाने हलकी असली तरी दिवस पूर्ण भरलेले असतील तर त्यांची फुप्फुसे सहसा तयार असतात. त्यांना धोका असतो तो थंडीचा आणि भुकेचा. अपुऱ्या दिवसांच्या कोकराची लोकर आखूड व रेशमी असते, खूर मऊ असतात, पुढचे दात अद्याप हिरडीखाली असतात. त्याच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट कमी असेल तर श्वास उथळ व जलद होतो, प्रत्येक उच्छ्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो, आणि श्वास घेताना पोट फुगते तेव्हा छाती आत ओढली जाते.

अशा पिलाला पाय धरून उलटे टांगण्याची प्रथा अजूनही दिसते. त्यातून गळणारा द्रव बराचसा पोटातून आलेला असतो, आणि आतड्यांचा भार छातीच्या पडद्यावर पडून श्वास अधिकच अडतो. नाकातोंडातील चिकट स्राव बोटाने काढावा, कोरड्या गोणपाटाने अंग जोराने पुसावे आणि पिलाला कुशीवर न ठेवता छातीवर बसवावे, म्हणजे दोन्ही फुप्फुसांत हवा जाते. नाकपुडीत गवताची काडी हळूच फिरवल्यास ते शिंकते व खोल श्वास घेते. ऊब तातडीने हवी. शरीर थंड पडले आणि रक्तातील आम्लता वाढली की सर्फॅक्टंट तयार करणाऱ्या पेशींचे कामच मंदावते. म्हणजे थंडीने श्वास बिघडतो आणि श्वास बिघडल्याने पिलू आणखी थंड पडते. चीक पाजणे अत्यावश्यक आहेच. पण धापा टाकणाऱ्या पिलाच्या तोंडात बाटली कोंबली तर तो फुप्फुसात जाण्याची भीती असते. चोखण्याची शक्ती नसलेल्या पिलाला नळीने चीक देण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे. कळपात एकापाठोपाठ अनेक पिले अपुऱ्या दिवसांची होऊ लागली, तर ब्रुसेलोसिससारख्या संसर्गाची शंका घेऊन तपासणी करणे आणि जार, मृत गर्भ उघड्या हातांनी न हाताळणे आवश्यक आहे.

गायी-म्हशींत कृत्रिम रेतनाची तारीख कार्डावर असते, निदान असायला हवी. गायीचे सुमारे २८० आणि म्हशीचे सुमारे ३१० दिवस तिच्यावरून मोजता येतात. मेंढ्यांच्या कळपात अशी नोंद अवघड वाटते, पण त्यावर एक जुना उपाय आहे. पैदाशीच्या नराच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावून ठेवतात. ज्या मेंढीशी संयोग झाला तिच्या पाठीवर रंग उमटतो. मेंढीचे ऋतुचक्र साधारण १७ दिवसांचे असल्याने दर १७ दिवसांनी रंग बदलला, की कोणती मेंढी कोणत्या पंधरवड्यात विणार हे कळप हाकतानाच दिसते.